ब्रुनो सामार्टिनोचे २८०३ दिवस: एवढा काळ पट्टा एकाच माणसाकडे राहिला कसा?

लाल_माती (धागाकर्ता)

परवा भाचा घरी आला होता. तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीतल्या, रोमन रेन्सचा पक्का फॅन. १३१६ दिवस चॅम्पियन राहिला मामा, असं कधी झालंच नव्हतं म्हणाला. मी म्हटलं अरे ब्रुनो सामार्टिनो नावाचा एक माणूस सलग २८०३ दिवस चॅम्पियन होता. त्याला खरंच वाटेना. फोन काढून बघितलं आणि मग गप्प बसला, आणि थोड्या वेळानं विचारतो "पण मामा इतकी वर्षं तोच तोच जिंकतोय म्हटल्यावर लोकांना कंटाळा नाही आला?"

या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करतोय, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १७ मे १९६३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रुनोनं बडी रॉजर्सला ४८ सेकंदात हरवलं. खांद्यावर आडवा उचलला आणि पाठ अशी आवळली की रॉजर्सनं हार मानली. तिथून १८ जानेवारी १९७१ पर्यंत, म्हणजे सात वर्षं आठ महिने, तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूएफचा चॅम्पियन (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचं जुनं नाव, हो तेव्हा तीन डब्ल्यू होते). मग पुन्हा १० डिसेंबर १९७३ ते ३० एप्रिल १९७७. दोन्ही मिळून अकरा वर्षांच्या वर.

आता त्या काळात टीव्ही होता पण आजच्यासारखं दर आठवड्याला सगळं टीव्हीवर दाखवत नसत. मोठी कुस्ती बघायची तर तिकीट काढून हॉलमध्ये जावं लागायचं. म्हणजे ब्रुनोची कमाई, कुस्त्या भरवणाऱ्या प्रमोटरची कमाई, त्या रात्रीच्या यादीतल्या खालच्या पंधरा पैलवानांची रोजीरोटी सगळं त्या एका गोष्टीवर, की महिन्यानंतर परत लोक खिशात हात घालतील का. आणि हे आठ वर्षं. ज्या माणसाला बघायला लोक गिरणीतला पगार खर्च करून परत परत येतात त्याच्यात काहीतरी असणारच. कुस्तीचा निकाल ठरलेला असायचा हे मला माहितीय, तो वाद इथे घालायचा तर घाला, पण लोकांनी येणं हे काही कुणी ठरवलेलं नव्हतं. ते खरं होतं आणि मला त्याच्याबद्दलच बोलायचंय.

चिंचपोकळी_८८

मस्त धागा! आमचं सगळं ज्ञान डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांतलं, हाइट वेट चेस्ट रँक, शाळेच्या मागच्या बाकावर बसून. त्या पत्त्यात अंडरटेकर, योकोझुना, ब्रेट हार्ट सगळे होते, ब्रुनो बघितल्याचं आठवत नाही. त्यामुळे आम्हाला वाटायचं कुस्ती हल्क होगनपासून सुरू झाली. होगनचं पहिलं राज्य किती होतं कोणी सांगेल का?

लाल_माती

@चिंचपोकळी_८८ जानेवारी १९८४ ते फेब्रुवारी १९८८, १४७४ दिवस. म्हणजे ब्रुनोच्या जवळपास अर्धं.

वस्तादांचा_पठ्ठ्या

मी स्वतः बारा वर्षं तालमीत काढलीत त्यामुळे स्पष्टच विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे गावच्या जत्रेत जर कळलं की कुस्ती जोडीनं ठरवून केलीय तर लोक बोंबा मारतात, इनाम देत नाहीत, त्या पोराला पुढच्या वर्षी कुणी मैदानात उभं करत नाही. नुरा कुस्ती म्हणजे शिवी आहे आमच्यात. मग जिथे सगळंच ठरलेलं तिथे २८०३ दिवस काय आणि अठ्ठावीस हजार दिवस काय, प्रमोटरनं ठेवला म्हणून राहिला. यात पैलवानाचं कर्तृत्व कुठे आलं हे मला खरोखर समजून घ्यायचंय.

जुनी_पेटी

पठ्ठ्याभाऊ तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागेवर आहे पण त्याचं उत्तर समजायला आधी तिकडची इलाख्यांची पद्धत समजून घ्यावी लागेल, मी जरा लांबून सुरुवात करतो.

१९४८ मध्ये आयोवा राज्यातल्या वॉटरलू गावी काही प्रमोटर एकत्र बसले आणि नॅशनल रेसलिंग अलायन्स म्हणजे एनडब्ल्यूए काढली. साधा सौदा होता, तू माझ्या इलाख्यात कुस्त्या भरवायच्या नाहीस, मी तुझ्या भरवणार नाही, आणि सगळ्यांचा मिळून एकच जागतिक चॅम्पियन. तो चॅम्पियन कोण हे प्रमोटर लोक मतं घेऊन ठरवत. मग हा चॅम्पियन बॅग उचलून वर्षभर फिरायचा, आज टोरांटो उद्या सेंट लुईस परवा फ्लोरिडा. प्रत्येक गावात तिथला लाडका पैलवान त्याच्यासमोर उभा राहायचा, जिंकता जिंकता राहायचा, आणि पाहुणा पट्टा घेऊन पुढच्या गावी. म्हणजे एनडब्ल्यूएचा चॅम्पियन हा कायम परगावचा माणूस. त्याचं काम लोकल पोराला मोठं करून दाखवणं.

१९६१ पासून हा पट्टा बडी रॉजर्सकडे होता. सोनेरी केस, चालण्यात मस्ती, लोक शिव्या द्यायला तिकीट काढत. पण त्याचं बुकिंग व्हिन्स मॅकमन (पुढे कंपनी चालवणाऱ्या धाकट्या व्हिन्स मॅकमनचे वडील) आणि टूट्स माँट यांच्या हातात, आणि ते त्याला बहुतेक आपल्याच ईशान्येकडच्या शहरांत नाचवायचे. बाकीचे प्रमोटर चिडले, आमच्याकडे चॅम्पियन येतच नाही म्हणून. २४ जानेवारी १९६३ ला टोरांटोत लू थेझनं रॉजर्सला हरवलं. ईशान्येकडचे म्हणाले पट्ट्याची लढत तीनपैकी दोन फॉलची (फॉल म्हणजे एकदा चीत करणं) असते, ही एकाच फॉलची झाली, आम्ही मानत नाही. आणि वेगळे झाले. वर्ल्ड वाइड रेसलिंग फेडरेशन असं नाव घेतलं, रॉजर्सला पहिला चॅम्पियन जाहीर केलं, रिओ दि जानेरोत टुर्नामेंट जिंकून आला म्हणून सांगितलं. अशी कुठली टुर्नामेंट झालीच नव्हती.

आणि मग मॅकमननं डोकं लावलं. त्याच्या इलाख्यात न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, पिट्सबर्ग. सगळी कामगारांची, बाहेरून आलेल्यांची शहरं. इटालियन, पोर्तो रिकन, ग्रीक, पोलिश. त्यानं पद्धत उलटी केली. चॅम्पियन घरचा, आणि पाहुणा येणार तो राक्षस. एनडब्ल्यूएत गावचा पोरगा हरता हरता मोठा व्हायचा, इथे गावचा पोरगा राजा आणि दर थोड्या महिन्यांनी एक नवा दैत्य चालून येणार. अशा पद्धतीत चॅम्पियन बदलायची घाईच नसते, दैत्य बदलायचे असतात. मिनियापोलिसला व्हर्न गॅन्यानं साधारण तसंच केलं, १९६८ ते १९७५ पट्टा स्वतःकडे, पण गॅन्या स्वतःच तिथला मालक होता. ब्रुनो मालक नव्हता. त्याला ठेवायचा की काढायचा हे दुसऱ्याच्या हातात होतं आणि तरी आठ वर्षं काढावासा वाटला नाही. यात काय ते आलं.

लाल_माती

जुनी_पेटी यांनी माझं निम्मं काम केलं, धन्यवाद!

पठ्ठ्या, आता तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. हे चालायचं कसं ते बघा. समजा गोरिला मॉन्सून. चारशे पौंडांच्या आसपासचा माणूस. आधी टीव्हीवर काही आठवडे हा मॉन्सून छोट्या पैलवानांना चिरडताना दाखवायचा. ब्रुनो त्या टीव्हीवर मोठी कुस्ती खेळायचाच नाही, फक्त बोलायचा. मग गार्डनमध्ये पहिली लढत. ती निकाली होत नाही, कुणीतरी रिंगबाहेर राहतो नाहीतर रक्त आलं म्हणून रेफरी थांबवतो. लोक तडफडत घरी. पुढच्या महिन्यात दुसरी, तीही अर्धवट. तिसऱ्या महिन्यात निकाल, आणि ब्रुनो त्याला लोळवणार. मग किलर कोवाल्स्की, बिल वॉट्स, जॉर्ज स्टील, प्रोफेसर टोरू तनाका असे येत गेले. आणि हेच चक्र बोस्टनला, फिलाडेल्फियाला, बाल्टिमोरला वेगवेगळ्या तारखांना फिरत असायचं. एका शहरात जे झालं ते दुसऱ्या शहरात कुणाला दिसत नाही कारण ते टीव्हीवर येत नाही.

आता यातली ग्यानबाची मेख अशी की तिसऱ्या महिन्यातल्या त्या निकालाला किंमत तेव्हाच येते जेव्हा लोकांना मनापासून वाटतं की आज हा हरूही शकतो. दहा वेळा जिंकलेला माणूस अकराव्या वेळी हरेल अशी धाकधूक लोकांच्या पोटात उठवणं, ते सुद्धा त्याच लोकांच्या, त्याच खुर्च्यांवर बसलेल्या, हे प्रमोटरला आदेश देऊन जमत नाही. ते पैलवानालाच करावं लागतं, मार खाऊन, तोंडानं, अंगानं. आणि खाली उतरल्यावर सुद्धा तोच माणूस राहून.

आणि ताकद खोटी नव्हती हो. १९५९ मध्ये त्यानं बेंच प्रेसवर ५६५ पौंड उचलले, म्हणजे २५६ किलो. आजच्यासारखे सपोर्ट शर्ट वगैरे काही नाही. (आपले श्रीपती खंचनाळे पहिले हिंद केसरी झाले ते हेच साल, सहज आठवलं.) १९६१ मध्ये सहाशे पौंडांचा म्हणून जाहिरात केलेला हेस्टॅक्स कॅल्हून गार्डनमध्ये उचलून दाखवला, आणि तिथून त्याचं नाव झालं. तुम्ही तालमीतले आहात, सहाशे पौंडांचं निर्जीव वजन आणि सहाशे पौंडांचा लोंबकळणारा माणूस यातला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

वस्तादांचा_पठ्ठ्या

हो ते कळतं. माणूस उचलणं वेगळंच असतं, पोट मऊ असतं, पकड बसत नाही, घामानं सटकतो. ५६५ पौंडांचं ऐकून गप्प बसलो खरं सांगायचं तर. खुराक काय होता काही माहिती?

पिट्सबर्गवासी

खुराकाचं विचारलंत म्हणून लिहायला घेतलं, कारण त्याची गोष्ट खुराक नसण्यापासून सुरू होते. मी पंधरा वर्षं पिट्सबर्गला आहे आणि इथे ब्रुनो म्हणजे घरचा माणूस.

जन्म १९३५, इटलीत अब्रुत्सो भागात पित्सोफेर्रातो नावाचं डोंगरातलं गाव. वडील आधीच कामासाठी अमेरिकेत आलेले आणि मध्येच युद्ध लागलं. जर्मन सैन्य गावात घुसलं तेव्हा आई एमिलिया पोरांना घेऊन वरच्या डोंगरावर लपली. साधारण चौदा महिने. वर बर्फ, खायला नाही. ही बाई रात्रीची खाली उतरून जर्मनांनी घेतलेल्या आपल्याच गावात चोरून शिरायची, आपल्याच घरातलं धान्य उचलून परत वर चढायची. पोरं वर वाट बघत बसलेली, आई येते का नाही. ब्रुनो म्हातारा झाला तरी ही गोष्ट सांगताना रडायचा, कुठल्याही मुलाखतीत बघा. ताकद कशाला म्हणतात हे मी आईकडून शिकलो असं म्हणायचा.

१९५० मध्ये पिट्सबर्गला आला तेव्हा चौदा वर्षांचा, वजन चाळीस किलोच्या आत. तापानं खंगलेला. इंग्रजी येत नाही. शाळेत पोरं मारायची. त्यातून वजनं उचलायला लागला, आणि पिट विद्यापीठाच्या कुस्ती टीमबरोबर तिथल्या कोच रेक्स पिअरींकडे सरावाला जायला लागला. दिवसा बांधकामावर काम. नऊ वर्षांत चाळीस किलोचा पोरगा २५६ किलो उचलतो. हे मी दर वेळी वाचतो आणि दर वेळी परत मोजतो.

माझ्या शेजारी एक इटालियन आजोबा राहतात, स्टील मिलमध्ये आयुष्य गेलं. ते सांगतात शनिवारी संध्याकाळी चॅनल ११ वर स्टुडिओ रेसलिंग लागायचं, बिल कार्डिल सूत्रसंचालन करायचे, आणि पहिल्या रांगेत एक ठरलेली बाई असायची, रिंगसाइड रोझी म्हणून ती पण फेमस. आजोबांची आई चर्चशिवाय कुठे न जाणारी, पण ब्रुनो टीव्हीवर आला की हातातली माळ घेऊन समोर बसायची, कारण ब्रुनो इटालियनमध्ये दोन वाक्यं बोलायचा. तिला इंग्रजी येतच नव्हतं. अख्ख्या अमेरिकन टीव्हीवर तिच्याशी बोलणारा तो एकच माणूस.

मला हे ऐकल्यावर आपल्या नव्यानं आलेल्या आईवडिलांची आठवण झाली. इथल्या थंडीत सहा महिने घरात बसलेले, आणि कुठून तरी कानावर मराठी पडलं की चेहरा कसा उजळतो.

माहेरची_आठवण

पिट्सबर्गवासी, त्या माळेवाल्या आजींबद्दल वाचून डोळ्यात पाणी आलं. मला कुस्तीतलं काही कळत नाही पण हा धागा सोडवत नाहीये.

आकडेमोड

धाग्याचा विषय आवडीचा आहे म्हणूनच दोन गोष्टी नीट मांडतो.

एक, ते ४८ सेकंद. रॉजर्सच्या बाजूचे लोक म्हणतात की त्याला हृदयाचा त्रास होता, त्याला लांब लढत झेपणारच नव्हती म्हणून ४८ सेकंदात उरकली. ब्रुनोनं हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. त्याचं म्हणणं सरकारी कमिशनचे डॉक्टर तपासल्याशिवाय रिंगमध्ये सोडतच नसत. रॉजर्स त्यानंतर मोठ्या लढतींत फारसा दिसला नाही ही गोष्ट मात्र खरी. पण माझं मत असं की लढत लहान झाली म्हणूनच एवढी गाजली. ज्याच्याकडे दीड वर्ष एनडब्ल्यूएचा पट्टा होता तो मिनिटभर पण टिकला नाही.

दोन, मॅडिसन स्क्वेअर गार्डन १८७ वेळा हाउसफुल केलं हा आकडा सगळीकडे छापलेला असतो. तो कंपनीनं जाहिरातीसाठी उगाळलेला आकडा आहे. ज्यांनी त्या काळच्या तिकिटविक्रीच्या नोंदी एकेक करून तपासल्यात त्यांना हाउसफुल रात्री याच्यापेक्षा बऱ्याच कमी सापडतात. यानं ब्रुनो लहान होत नाही. उलट मला राग येतो की ज्याचं खरं काम इतकं मोठं आहे त्याला फुगवलेला आकडा कशाला चिकटवायचा.

लाल_माती

@आकडेमोड १८७ वाला आकडा मी पण कित्येक वर्षं खरा धरून चाललो होतो. बरं झालं लिहिलंत.

वरळी_सी_फेस

माझे वडील वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंगच्या कुस्त्या बघायला जायचे, गिरणीतली सात आठ जणं मिळून. फ्रीस्टाइल म्हणायचे त्याला सगळे. किंग काँगचं नाव निघालं की वडील दोन्ही हात पसरून दाखवायचे, एवढं पोट. जुनी_पेटी यांनी दैत्य आणि घरचा पैलवान लिहिलं ना ते वाचताना मला वडीलच बोलतायत असं वाटलं, तिथेही तेच होतं, बाहेरून राक्षस आणायचा आणि दारानं त्याला उचलून आपटायचा.

यातला दुवा सांगतो. ज्या लू थेझमुळे अख्खा १९६३ चा घोळ झाला तोच थेझ १९६८ मध्ये मुंबईत येऊन दारा सिंगशी लढला आणि हरला. आपल्याकडे ती जागतिक अजिंक्यपदाची लढत म्हणून गाजली. तेव्हा एनडब्ल्यूएचा पट्टा थेझकडे नव्हता, १९६६ मध्येच जीन किनिस्कीनं घेतला होता. पण वडिलांना हे मी कधी सांगितलं नाही. त्यांच्या लेखी थेझ म्हणजे जगज्जेता आणि त्याला आपल्या माणसानं पाडला. आणि थेझ खरोखरच त्या धंद्यातला सगळ्यात पक्का पैलवान मानला जायचा, डावपेचात त्याच्याशी खरंखुरं झोंबायची कुणाची हिंमत नव्हती.

वस्तादांचा_पठ्ठ्या

दारा सिंगचं नाव काढलंत तर आमचे वस्ताद सुद्धा उठून उभे राहायचे. आता जरा जरा पटायला लागलंय. पण ब्रुनो हरला कसा ते अजून कुणीच लिहिलं नाही.

लाल_माती

तेच लिहायला आलोय, हात मोकळे करून बसलोय.

१९७० संपेपर्यंत ब्रुनो थकला होता. सात वर्षं जवळजवळ रोज रात्री एक गाव, घर पिट्सबर्गला, बायको पोरं तिकडे, हा विमानात नाहीतर गाडीत. अंग सगळं मोडलेलं. मॅकमनला सांगितलं आता पुरे, पट्टा काढून घ्या. मॅकमन टाळत राहिला आणि शेवटी तयार झाला.

१८ जानेवारी १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर आयव्हन कोलॉफ, रशियन अस्वल म्हणून जाहिरात. (तो खरं तर कॅनडाचा होता, ऑरियल पेरास त्याचं नाव, पण शीतयुद्धाच्या दिवसांत रशियन म्हटलं की हॉल आपोआप पेटायचा.) लोकांना वाटत होतं नेहमीसारखीच रात्र आहे. कोलॉफनं ब्रुनोला आपटला, वरच्या दोरावर चढला, आणि तिथून गुडघा खाली घेऊन उडी मारली. अंगावर पडला. रेफरीनं मोजलं, एक, दोन, तीन.

आणि आवाज बंद.

शिट्ट्या नाहीत, शिव्या नाहीत, काही नाही. हजारो माणसं आणि पूर्ण शांतता. ब्रुनोनं नंतर अनेकदा सांगितलंय की त्याला वाटलं आपल्या कानाला काहीतरी इजा झाली, ऐकूच येईनासं झालं. मग तो उठून दोराकडे आला तेव्हा त्याला हुंदके ऐकू आले. मोठी माणसं रडत होती. कोलॉफच्या कमरेला पट्टा रिंगमध्ये बांधलाच नाही, लोक अंगावर धावून येतील म्हणून त्याला आधी आत नेला. आणि ब्रुनो खाली उतरून चालत निघाला तर लोक त्याचं अंग शिवून म्हणत होते, काही काळजी करू नको.

भाच्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर ही शांतता आहे. कंटाळलेली माणसं अशी गप्प होत नाहीत. कंटाळलेली माणसं नवा चॅम्पियन आला की टाळ्या वाजवतात.

पठ्ठ्या, तुम्ही विचारलंत कर्तृत्व कुठे आहे. प्रमोटरनं त्या रात्री निकाल ठरवला होता. ही शांतता त्यानं ठरवलेली नव्हती, त्याला ती अपेक्षितही नव्हती, तो तर दंगलीची तयारी करून बसला होता.

चिंचपोकळी_८८

अंगावर काटा आला राव.

कोलॉफ किती दिवस राहिला मग?

जुनी_पेटी

२१ दिवस. ८ फेब्रुवारीला पोर्तो रिकन पेद्रो मोरालेसनं घेतला. कोलॉफ फक्त मधला पूल होता. ब्रुनोकडून थेट मोरालेसला द्यायचा तर दोन लाडके एकमेकांसमोर उभे करायला लागले असते, आणि गार्डनमध्ये अर्धा हॉल इटालियन अर्धा पोर्तो रिकन, आपसात जुंपली असती. म्हणून मध्ये एक खलनायक घातला. १९७३ मध्ये परत तीच युक्ती, मोरालेसकडून स्टॅन स्टासियाक आणि नऊ दिवसांत स्टासियाककडून ब्रुनो.

दुसऱ्या वेळी ब्रुनो परत यायला तयार झाला तो अट घालून, रोज रोज येणार नाही, मोठ्या शहरांतल्या तारखा तेवढ्या घेईन. मॅकमननं मान्य केलं. इलाख्याच्या जमान्यात प्रमोटरला अट घालणारा पैलवान म्हणजे काय ते समजून घ्या, बाकीच्यांना गेटवरचे पैसे नक्की किती जमले हेही कळू देत नसत.

माहेरची_आठवण

मी आता वाचून वाचून व्हिडिओ बघायला लागलेय. मान मोडल्याचं काहीतरी दिसलं, ते पण नाटक होतं का खरं?

आकडेमोड

खरं. २६ एप्रिल १९७६, गार्डन. स्टॅन हॅन्सन नावाचा टेक्सासचा तरुण पैलवान, त्यानं ब्रुनोला उचलून आपटायला घेतला आणि पकड सुटली. ब्रुनो डोक्यावर पडला आणि मानेचा मणका मोडला. अगदी थोडक्यात वाचला, नाहीतर आयुष्यभर अंथरुणात. कंपनीनं लोकांना सांगितलं की हॅन्सनच्या हाताच्या फटक्यानं मान मोडली, आणि त्या खोट्यावर हॅन्सनचं जपानपर्यंत नाव झालं. ब्रुनोनं त्याच्याबद्दल कधी राग धरला नाही, चूक होती म्हणाला.

पुढचं मला जास्त लागतं. जूनमध्ये टोकियोत मुहम्मद अली विरुद्ध जपानी पैलवान अँटोनियो इनोकी अशी लढत होती आणि अमेरिकेत ती थिएटरांत पडद्यावर दाखवणार होते. मॅकमनचे त्यात पैसे अडकलेले आणि तिकिटं खपत नव्हती. ब्रुनो हॉस्पिटलमधून नुकता आलेला. मॅकमननं गळ घातली की तू उभा राहिला नाहीस तर आम्ही बुडालो. २५ जून १९७६ ला, मान मोडून दोन महिने, हा माणूस न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर, त्याच पडद्यावरच्या कार्यक्रमात, तीस हजारांच्या वर लोकांसमोर त्याच हॅन्सनसमोर उभा राहिला. डॉक्टर नको म्हणत होते.

वस्तादांचा_पठ्ठ्या

हे वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

माझी मान एकदा गेलीय. मोडली नव्हती, नुसती आखडून सरकली होती, खाली असताना समोरच्यानं मानेवर भार टाकला आणि मी वेळेत डोकं काढलं नाही. तीन आठवडे मला भाकरीचा तुकडा मोडायला मान वाकवता येत नव्हती, आई ताट उचलून तोंडापाशी धरायची. परत तालमीत गेलो तर पहिले सहा महिने कुणी मानेला हात घातला की पोटात गोळा यायचा. भीती जात नाही, दुखणं जातं.

दोन महिन्यांत, ज्यानं मोडली त्याच्याच समोर, त्याला मानेला हात लावू द्यायचा. ठरलेलं असू दे नाहीतर नसू दे. शेवटी विश्वास ठेवावा लागतो समोरच्यावर, की हा मला नीट खाली ठेवेल, आणि त्यानंच आधी ठेवलेलं नसतं.

मी नुरा कुस्ती म्हणालो होतो तो शब्द मागे घेतो. नुरा म्हणजे लोकांना फसवून पैसे खाणं. हा माणूस लोकांचं देणं फेडत होता.

पिट्सबर्गवासी

पठ्ठ्या, फार मनापासून लिहिलंत.

थोडं नंतरचं. ८० च्या दशकात धाकट्या मॅकमननं इलाखे मोडून सगळा देश एका कंपनीखाली आणला, केबल टीव्ही आला, स्टेरॉइड आलं. ब्रुनो जाहीरपणे बोलला की पोरं या औषधांनी मरतायत, आणि बाहेर पडला. त्यानंतर किती वर्षं कंपनीच्या हॉल ऑफ फेमला, म्हणजे गाजलेल्या पैलवानांच्या सन्मानाला, नाहीच म्हणत राहिला. शेवटी ट्रिपल एचनं (पैलवान आणि तेव्हा कंपनीचा अधिकारी) बसून बोलून, आता औषधांची तपासणी होते हे पटवून दिल्यावर २०१३ मध्ये तयार झाला. समारंभ मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच, आणि बोलायला अर्नोल्ड श्वार्झनेगर. १८ एप्रिल २०१८ ला ८२ व्या वर्षी गेला.

आज दुपारी शेजारच्या आजोबांना हा धागा इंग्रजीत वाचून दाखवला, जमेल तसा. त्यांना विचारलं तुम्हाला ७१ सालची ती रात्र आठवते का. म्हणाले, गार्डन तर इथे टीव्हीवर दिसायचंच नाही. मला मिलमध्ये पाळी बदलताना कुणीतरी सांगितलं ब्रुनो हरला. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईनं मानलंच नाही. शनिवारची वाट बघितली, टीव्हीसमोर बसली नेहमीसारखी माळ घेऊन. आणि ब्रुनो आला, साधा कोट घालून, पट्टा नाही. दोन वाक्यं इंग्रजीत बोलला आणि मग इटालियनमध्ये म्हणाला की मी बरा आहे.

मग आई उठली आणि स्वयंपाकाला लागली, म्हणाले.

माहेरची_आठवण

त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

लाल_माती

माझाही सांगा. भाच्याला लिंक पाठवली होती, त्यानं सगळं वाचलंय. रविवारी येतोय, शे स्टेडियमची लढत दोघं मिळून बघणार आहोत.